अंगणातला लोहगड

मळवलीत उतरलं की लोहगड-विसापूर समोरच उभे. त्यामुळे मावळातल्या मुलांना दिवाळीच्या किल्ल्यासाठी नमुना शोधावा लागत नाही. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला लोहगड अंगणात उभारताना खरी कसोटी गडाच्या विंचूकाटा या सोंडेची. माती फार ओली असली तर ती निमुळती सोंड ढासळते, कोरडी असली तर तडकते. हे विज्ञानच आहे! पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत खेळणी घडवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून असंच विज्ञान शिकवलं: चौकोन कलतो, त्रिकोण ताठ राहतो. विकतच्या तयार किल्ल्यात हे काहीच हाती लागत नाही. तेव्हा पालकहो, यंदा मुलांना आधी गडावर न्या, प्रमाण कागदावर मांडू द्या आणि मग मनसोक्त चिखलात हात घालू द्या.