विश्लेषण: संशोधक, उद्योग आणि कामगार एआय कार्यशाळांत एकत्र का हवेत? रायगडसाठी त्याचे महत्त्व काय?

कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थात एआयचा संशोधन आणि उद्योगांवर काय परिणाम होईल, याचा शोध घेणाऱ्या संयुक्त कार्यशाळा जगभर होत आहेत. अलिबागची चुंबकीय वेधशाळा, लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि थळ, डोलवी, रोहा, महाड येथील कारखाने असलेल्या रायगडसाठी ही चर्चा दूरची नाही.

या कार्यशाळांची परंपरा काय?

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नावच एका कार्यशाळेमुळे रूढ झाले. जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांनी १९५५ मध्ये तिचा प्रस्ताव मांडला आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात ती झाली. पुढे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे झालेल्या परिषदेतून एआयविषयीची २३ तत्त्वे पुढे आली. त्याच ठिकाणी १९७५ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकीय प्रयोगांवर स्वतःहून मर्यादा घालण्याची चर्चा केली होती.

संशोधनात नेमके काय बदलले?

प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’साठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. ही प्रणाली शिकली ती १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एका खुल्या संग्रहात जमा केलेल्या माहितीवर. म्हणजे आधी अनेकांनी माहिती वाटून घेतली, मग एआयचे यश आले.

अलिबागचा संबंध कसा?

विजेच्या ट्राममुळे कुलाब्यातील चुंबकीय मोजमापांत अडथळा येणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा उभारण्यात आली. आज ती नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाची नोंद कुलाब्यात झाली होती. असे वादळ आज आले तर उपग्रह आणि वीजवाहिन्यांना फटका बसू शकतो. मात्र एआय उदाहरणांवरून शिकते आणि एवढ्या मोठ्या वादळांची उदाहरणे फार थोडी आहेत. त्यामुळे जुन्या कागदी नोंदी मोलाच्या ठरतात. यंत्र आलेखांवरून आकडे झपाट्याने काढू शकते. तरी एखादा चढउतार वादळाचा की उपकरणातील बिघाडाचा, हे ठरवायला जाणकार लागतोच.

कारखान्यांची अडचण कोणती?

हीच अडचण रासायनिक कारखान्यांतही आहे. तापमान, दाब, कंपने यांवरून बिघाडाची आगाऊ सूचना देणारी प्रणाली उभारता येते. पण मोठे अपघात क्वचित घडतात आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची माहिती बहुधा कारखान्याबाहेर जात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट आणि आगीत ११ कामगारांचा मृत्यू झाला. अशा घटनांतून सर्वांनी शिकायचे तर कारखान्यांची नावे वगळून नोंदी एकत्र आणता येतील. त्यासाठी उद्योग, विद्यापीठ आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांचा एकमेकांवर विश्वास हवा.

कामगारांचे स्थान काय?

वाल्व्हचा बदललेला आवाज किंवा वेगळा वास अनुभवी ऑपरेटर आधी ओळखतो. त्याचे हे ज्ञान संगणकात गेले, तर त्याची नोकरी सुरक्षित होईल की अनावश्यक ठरेल? शिवाय सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा कामगाराचा वेग मोजण्यासाठीही वापरता येतो. कंत्राटी कामगाराला नकार देणे आणखी अवघड. त्यामुळे कार्यशाळेत केवळ व्यवस्थापक आणि प्राध्यापक असतील, तर हे प्रश्न विषयपत्रिकेवर येण्याची शक्यता कमीच.

पुढे काय व्हायला हवे?

केंद्राने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’साठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यात संगणन क्षमता, माहितीसंच आणि कौशल्यविकासाचा समावेश आहे. पण धाटाव किंवा महाडच्या लघुउद्योगापर्यंत त्याचा लाभ पोहोचायचा, तर स्थानिक दुवा लागेल. लोणेरेचे विद्यापीठ तो होऊ शकते. प्रत्येक कार्यशाळेतून तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: कोणती माहिती वाटून घ्यायची, तिच्यावर हक्क कोणाचा आणि यंत्राचा इशारा चुकला तर जबाबदार कोण. ही उत्तरे लेखी मिळाली नाहीत, तर कार्यशाळा प्रमाणपत्र वाटपापुरती उरेल.