कोळंबीची शिक्षा पापलेटला नको

कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, की बहुतेक घरांत मासळीच बंद होते. कोळंबीबरोबर पापलेट, सुरमई, बांगडाही ताटातून जातात. काळजीपोटी घेतलेल्या या निर्णयाला शास्त्राचा आधार नाही. कोळंबी, करंदी, जवळा, चिंबोरी, शेवंड यांच्या ॲलर्जीमागे मुख्यतः स्नायूंतले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असते. माशांच्या ॲलर्जीमागे पार्व्हाल्ब्युमिन हे अगदी निराळे प्रथिन. म्हणून पथ्य ठरवायचे ते प्रथिनांचे नाते पाहून. ट्रोपोमायोसिन शिजवूनही टिकते, त्यामुळे कोळंबीने त्रास होणाऱ्याला सुक्या जवळ्याची चटणीही धोक्याची ठरू शकते. तिसऱ्या, कालवे, माकूल यांच्यात त्याचे थोडे दूरचे रूप असते; ते काहींना बाधते, काहींना नाही. धुळीतल्या सूक्ष्म किडींत आणि झुरळांतही त्याचे भाऊबंद आहेत. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाची कोळंबीची तपासणी त्यामुळे 'पॉझिटिव्ह' येऊ शकते, मग तो कोळंबी खुशाल पचवत का असेना. म्हणूनच नुसत्या अहवालावर निदान करू नये. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हे डॉक्टरांनी विचारायला हवे आणि गरज पडल्यास रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून पाहायला हवा.

यावर कोणी म्हणेल, सगळेच टाळले तर बिघडते कुठे? श्वास कोंडण्यापर्यंत मजल जाऊ शकते, हे खरेच. एकाच विळीवर कापलेल्या, एकाच तेलात तळलेल्या मासळीपासून जपायलाही हवे. पण ती खबरदारी स्वयंपाकघरातली आहे; तिच्यासाठी किनारपट्टीवरच्या मुलाची रोजची प्रथिने आणि ओमेगा-३ कायमची तोडणे न्याय्य नाही. उलट 'मासे बंद' एवढेच सांगितलेला रुग्ण झुरळांच्या, धुळीच्या त्रासाकडे किंवा माकुलीच्या धोक्याकडे दुर्लक्ष करतो.

या नेमकेपणाला कायद्याचीही साथ हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत कवचधारी प्राणी आणि मासे यांची ॲलर्जीकारक म्हणून स्वतंत्र नोंद सक्तीची आहे. तिसऱ्या-माकुलीच्या मृदुकाय वर्गाचे नाव त्या यादीत नाही. युरोपीय संघाच्या यादीत ते आहे. आपल्या यादीतही ते यायला हवे, कारण पाकिटावर जे लिहिलेलेच नाही ते रुग्णाने टाळायचे तरी कसे?