कंपन्या बंद पडायची वाट बघताय?

२०१६ साली साहित्य संमेलन आमच्या पिंपरीत भरलं. चाकणच्या शिफ्टवरची कादंबरी मात्र अजून कुणी माझ्या हातात ठेवलेली नाही.

म्हणून मी जयंत पवार (१९६०-२०२१) वाचतो. गिरणगावातला हा पत्रकार. १९८२च्या संपानंतर विस्कटलेल्या घरावर त्यांनी ‘अधांतर’ नाटक लिहिलं. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या. तोवर मुंबईत फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला होता. आता फिनिक्सचा मॉल वाकडलाही आहे. राखेवर हळहळणं सोपं असतं.

इथे अजून भट्टी पेटलेली आहे. माझा रूममेट आयटीआय झालेला. सात महिने लाइनवर, मग ब्रेक, मग दुसरा कॉन्ट्रॅक्टर, नवा गेटपास. मी लॅपटॉप उघडतो तेव्हा तो नाइट संपवून आडवा होतो. ही गोष्ट नाही?

लेखकांनो, शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकात उभे राहा. आणि माझ्यासारख्यांनो, पवारांनी आपलं गिरणगाव लिहिलं, आपण आपली रूम लिहू. कुलूप लागायच्या आधी.