चिकटविलेली मोटार

मोटारीचे भाग वेल्डिंगनें अगर रिव्हेटांनींच जोडतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु १९९६ सालीं इंग्लंडांत निघालेल्या लोटस एलिस गाडीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा मुख्यत्वें इपॉक्सी गोंदानें सांधलेला होता. तेव्हां गोंद म्हणजे कच्चें काम, असें नव्हे. कोणत्या सांध्यास कोणता गोंद, एवढाच प्रश्न.

इपॉक्सी वाळून कडक होतो. पत्रे एकमेकांवरून सरकूं पाहतात, तेव्हां तो उत्तम टिकतो. मात्र कडेपासून सोलणारा जोर आला कीं हार खातो. म्हणून जोडीस रिव्हेट देतात. पॉलियुरेथेन रबरासारखा लवचिक राहतो. समोरची कांच त्यानेंच बसवितात, कारण कांच व पत्रा उन्हांत सारखे प्रसरण पावत नाहींत. तेल, गंज वा धूळ राहिल्यास मात्र दोन्ही व्यर्थ.

आतां निवड चुकल्याचें फळ पाहा. अमेरिकेंत टेक्ससमध्यें गारांनीं खराब झालेलें एका मोटारीचें छप्पर बदलतांना, उत्पादकानें वेल्डिंग सांगितलें असतां, कारागिरांनीं गोंद वापरला. पुढें ती गाडी घेणाऱ्या दांपत्यास याची वार्ताहि नव्हती. २०१३ सालच्या अपघातांत तीं दोघें जबर जखमी झालीं. २०१७ सालीं ज्यूरीनें दुरुस्ती करणाऱ्यांवर ३ कोटि डॉलरांहून अधिक भरपाई बसविली.

म्हणून आम्ही वाचकांस सुचवितों कीं, दुरुस्त झालेली गाडी घरीं आणण्यापूर्वीं कोणता सांधा कशानें जोडला हें लिहून घ्यावें व उत्पादकाच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावें. घरचीं लहानथोर माणसें त्याच छपराखालीं बसावयाचीं असतात.