जखम पाहून

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना आमचा एक अलिखित नियम असे. गेल्या वर्षीच्या खोक्यातून हात तुटलेला एखादा निघाला, की त्याला मागच्या बाजूला, हळिवाच्या हिरवळीत उभा करायचा. बुरुजावर मात्र धडधाकट गडी. तुटका मावळा कोणी टाकून देत नसे, पण पाहायला आलेल्यांना तो दिसू नये एवढी काळजी सगळेच घेत.

ज्यांच्यासाठी हा किल्ला, त्या महाराजांनी अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, ती जखम पाहून, असे सभासद बखर सांगते. जखम तलवारीची होती, उघडी होती. वादाला जागाच नव्हती.

दिसणाऱ्या जखमेची कदर आजही होते. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. उशिरा का होईना, पद्मश्री मिळाली, सिनेमाही निघाला. खडकीला पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. लढाईत जखमी होऊन सेवेतून कमी केलेल्याचे अपंगत्व शंभर टक्के असेल, तर त्या जखमेपोटी त्याला शेवटच्या पगाराइतकी रक्कम दरमहा मिळते.

पण फौजेतून माणूस गोळी लागूनच परत येतो असे थोडेच आहे? गावाकडे ‘बोर्डआउट होऊन आला’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो. कुणाला फिट्स येतात, कुणाचे हृदय कुरकुरते, कुणाचे मन थाऱ्यावर नसते. अशा माणसापुढे सरकारी कागद दोन प्रश्न ठेवतो : आजार नोकरीमुळे झाला का? नाही तर नोकरीने तो बळावला का? मेडिकल बोर्डाने दोन्हींपुढे ‘नाही’ लिहिले, की डिसेबिलिटी पेन्शनचे दार बंद.

धरमवीर सिंग १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले. फिट्स येऊ लागल्या आणि १९९४ साली, वीस टक्के अपंगत्वासह, घरी पाठवले गेले. बोर्डाचे मत : आजाराचा नोकरीशी संबंध नाही. का नाही, ते लिहिलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला २०१३ साली. मधली एकोणीस वर्षे धरा. निकालातला मुद्दा आपली आजीही सांगेल असा आहे : भरतीच्या वेळी तुम्हीच पळवून, छाती मोजून गडी ठणठणीत म्हणून घेतला, तेव्हा आजाराची नोंद नाही, मग नंतर झालेला आजार नोकरीतला नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे तुमचे, त्याचे नव्हे. शंका राहिलीच, तर तिचा फायदा त्याला.

पुढे २०१४ साली राम अवतार प्रकरणात टक्केवारीचाही प्रश्न मिटला. पन्नासच्या आतले अपंगत्व पेन्शनसाठी पन्नास धरायचे, हा लाभ पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाला. मिटला म्हणायचे एवढेच. लष्करी न्यायाधिकरणात जिंकलेल्या शिपायाविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात जातच राहिले. शिपायाला दरमहा मिळणाऱ्या रकमेच्या मानाने त्या वकिलांची फी केवढी, हा हिशेब कोणी तरी मांडायला हवा.

सरकारची बाजूही आहे. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाबाची नोंद करून घेणारे बडे अधिकारी असतात, अशी कुजबुज फौजेतच चालते. २०२३चे नवे नियम कडक झाले ते त्यामुळेही. पण चाळणी साहेबांसाठी विणली, तरी अडकतो शिपाईच. साहेबाला वकील परवडतो.

सर्वांत वाईट अवस्था दहा वर्षांच्या आत घरी आलेल्याची. आजार ‘नोकरीचा नाही’ आणि सेवा दहा वर्षांहून कमी, म्हणजे हातात ग्रॅच्युइटी आणि वेळेवर घ्यायच्या गोळ्यांची चिठ्ठी. २०२० साली सरकारने ही दहा वर्षांची अट काढली. फौजेच्याच काय, बाहेरच्याही कामाला कायमचा निकामी झालेल्याला इनव्हॅलिड पेन्शन देऊ केली. चांगला निर्णय. फक्त ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर जो सेवेत होता, त्यालाच. त्याआधी जे बोर्डआउट झाले, तेही तितकेच निकामी होते.

दिवाळीत आपण सीमेवर फराळाचे डबे पाठवतो. यंदा एक डबा आपल्याच गावातल्या अशा घरी न्या. चहा होईल, मग फाइल मागून घ्या. ती ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद आहे का पाहा. बोर्डाने ‘नाही’पुढे कारण लिहिले आहे का पाहा. लिहिले नसेल, आणि फाइल जुनी असेल, तर ती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जा. एकट्याला तिथला जिना चढवत नाही.