मशीद कोणी बांधली हो?

परवा कपाट आवरताना २००८ सालच्या माली प्रवासाची सीडी सापडली. मामा घरी आलेच होते, म्हणून त्यांना फोटो दाखवायला बसलो. जेन्नेच्या मशिदीपाशी ते थबकले. मातीचे तीन उंच मनोरे, भिंतीतून बाहेर आलेले ताडाचे वासे. म्हणाले, "झकास आहे रे! कोणी बांधली? फ्रेंचांनी का?"

घ्या! म्हणजे फिरून तिथेच आलो. बामाकोहून निघताना गाडी गच्च भरेपर्यंत आम्हाला तीन तास बसवून ठेवलं होतं. पुढे बानी नदीवर फेरीबोटीची वाट बघताना एका युरोपियन सहप्रवाशानं हेच ऐकवलं होतं: मशीद फ्रेंचांच्या डोक्यातून निघाली आणि ही शैली मुळात स्पेनहून आली. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो.

आधी स्पेन. मालीचा सम्राट मन्सा मुसा १३२४ च्या हज यात्रेहून परतताना ग्रॅनाडाचा अस-साहिली सोबत आला, हे खरं. टिंबक्टूच्या जिंगरेबेर मशिदीचं श्रेय त्याला देतात. पण हा गृहस्थ मुळात कवी! आणि आजच्या जेन्नेपासून तीनेक किलोमीटरवर जेन्ने-जेनो नावाचं जुनं शहर आहे, तिथे १९७७ पासून उत्खनन झालं. तिथली वस्ती इसवी सनापूर्वीची निघाली, आणि मुसाच्या आधी कित्येक शतकं तिथले लोक मातीच्या विटांनी बांधकाम करत होते. त्यांना माती थापायला कवीनं शिकवलं म्हणे!

आता फ्रेंच. आजची मशीद १९०७ मध्ये पुरी झाली. राज्य फ्रेंचांचं होतं आणि त्यांचा या कामाला पाठिंबा होता, कबूल. पण काम चाललं ते गवंड्यांच्या संघाचा प्रमुख इस्माइला त्राओरे याच्या देखरेखीखाली. हे नाव किती जणांनी ऐकलंय? मीही जाऊन आल्यावरच वाचलं, तेव्हा मामांना तरी काय बोलणार!

मला राग येतो तो या सवयीचा. आफ्रिकेत काही भव्य दिसलं की बाहेरचा बाप शोधायचा. आपल्याकडे ताजमहाल इटालियन माणसानं बांधला असं कोणी म्हटलं की आपण खवळतो ना? मग इथे मान का डोलावतो?

शिवाय प्रश्नच चुकतो. मातीची इमारत एकदा बांधून होत नाही. दर पावसाळ्यात तिची थोडी माती वाहून जाते. म्हणून दरवर्षी पावसाआधी अख्खं गाव मशीद लिंपायला येतं. मातीत भाताचा तूस मिसळून ती मुरवतात, बायका-मुली पाणी आणतात, पोरं टोपल्या वाहतात आणि गवंडी त्याच वाशांवर चढून हातानं गिलावा करतात. ते वासे शोभेपुरते नाहीत, तीच त्यांची परांची! माझी आजी दर सणाला घर सारवायची, तिला हे एका वाक्यात कळलं असतं.

२००९ च्या नोव्हेंबरात मुसळधार पावसात एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला, तो पुन्हा उभा केला. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी टिंबक्टूतल्या पीरांच्या कबरींवरच्या इमारती पाडल्या. २०१५ मध्ये तिथल्याच गवंड्यांनी त्या परत उभ्या केल्या. जुन्या भिंती पाहून, आजोबांकडून आलेल्या हातांनी.

त्या २०१२ पासून हा भाग अशांत आहे. युनेस्कोनं जेन्नेला २०१६ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं. माझ्यासारखा खुष्कीचा प्रवास आता कोणाला सुचवणार नाही. प्रवासी नाहीत म्हणजे गावात पैसा कमी, आणि लिंपण काही फुकट होत नाही. गवंड्याच्या पोरानं पोटासाठी शहर गाठलं, तर ती मशीद कुठला फ्रेंच सांभाळणार आहे?

तेव्हा मामा, पुढच्या वेळी "कोणी बांधली" विचारू नका. "यंदा लिंपली का" असं विचारा.