हंगाम आणि तयारी

जून महिना लागला की उरणजवळच्या मोरा बंदराचे रूप पालटते. एरव्ही दर्यावर ये-जा करणाऱ्या मासेमारी होड्या किनाऱ्याला येऊन विसावतात. जून आणि जुलै या महिन्यांत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस शासनाची बंदी असते. कारण या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, आणि अनेक जातींच्या मासळीच्या विणीचा काळही हाच असतो. परंतु मासेमारी थांबली म्हणून कोळीवाड्यातील काम थांबत नाही. फाटलेली जाळी पसरून त्यांतील एकेक भोक सांधले जाते, होड्यांची डागडुजी होते, इंजिने उघडून साफ केली जातात. ज्या नाखव्याने हे दिवस आळसात घालवले, त्याच्या जाळ्यातून पुढे वर्षभर मासळी निसटत राहते.

खेळाडूच्या वर्षाचीही अशीच वाटणी असावी, असे माझे मत आहे. काही महिने स्पर्धांचे, काही महिने तयारीचे आणि काही दिवस निखळ विश्रांतीचे असावेत. मोठ्या खेळाडूंना हे पटते. मुलांच्या बाबतीत मात्र आपण ते विसरत चाललो आहोत. हॉकीचे उदाहरण घेऊ. या खेळात भारताने 1928 पासून 1956 पर्यंत लागोपाठ सहा ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्या काळी हॉकी गवताच्या व मातीच्या मैदानावर खेळली जाई. मुसळधार पावसात अशा मैदानाचा चिखल होई आणि चिखलात चेंडू घरंगळत नसे. म्हणजे खेळाडूला विसावा देण्याचे काम निसर्गच करी. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम गवताची मैदाने रूढ झाली. आता पाऊस असो वा ऊन, दिवस असो वा रात्र, सामना भरवता येतो. सोय झाली हे खरे. परंतु सोय झाली म्हणून तिचा वापर बारा महिने केलाच पाहिजे, असे थोडेच आहे?

शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढत जाते. तिच्या जोडीला मंडळांच्या व वयोगटांच्या स्पर्धा असतात. प्रमाणपत्रांचे वजन घरोघर मान्य झाले आहे. स्पर्धांतील कामगिरीबद्दल दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुणही मिळतात. म्हणून आईवडिलांना वाटते, मुलाने एकही स्पर्धा चुकवू नये. जो अधिक सामने खेळेल तो अधिक शिकेल. हा समज सकृद्दर्शनी बरोबर वाटतो. तो कितपत खरा आहे, हे थोडे गणित करून पाहू.

हॉकीचा आंतरराष्ट्रीय सामना 60 मिनिटांचा असतो. मैदानावर एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून 22 खेळाडू असतात आणि चेंडू असतो एकच. चेंडू सारा वेळ कोणा ना कोणाच्या स्टिकवरच राहिला असे मानून ही मिनिटे सारखी वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. याउलट एखादी मुलगी चेंडू घेऊन अर्धा तास एकटीच भिंतीशी खेळली, तर तिची स्टिक चेंडूला शेकडो वेळा लागते. हाताला वळण लागते ते या शेकडो वेळांमुळे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने मारावा लागतो. चेंडू डावीकडे आला की स्टिक उलटी फिरवावी लागते. हे कौशल्य अवघड आहे. म्हणून नवशिका खेळाडू सामन्यात ते टाळतो. पाय सरकवून तो चेंडू उजवीकडे घेतो आणि वेळ मारून नेतो. यात त्याचा दोष नाही. सामन्यात चूक केली तर संघ हरेल, सोबती रागावतील, ही भीती त्याच्या मनात असते. अशा रीतीने वर्षामागून वर्ष नुसते सामनेच खेळले, तर त्याची उजवी बाजू बळकट होईल आणि डावी जन्मभर दुबळी राहील. ज्या दिवसांत हारजीत नसते, त्या दिवसांतच दहा वेळा चुकून अकराव्या वेळी बरोबर करण्याची मोकळीक मिळते.

ध्यानचंद यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1922 मध्ये ते सैन्यात दाखल झाले. दिवसाचे काम संपल्यावर रात्री चांदण्यात ते एकटे सराव करीत, आणि म्हणूनच सोबत्यांनी त्यांच्या नावाला ‘चंद’ जोडले, असे सांगतात. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी 14 गोल केले, तेव्हा त्यांच्यामागे सहा वर्षांची अशी साधना होती. आपल्या महाराष्ट्रातील धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीत वाढले. मोडक्या स्टिक आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन ते भावांबरोबर मातीच्या मैदानावर खेळत. त्या खेळाला ना पंच होता, ना ढाल. पुढे ते चार ऑलिंपिक खेळले, आणि 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले.

शरीराचाही विचार केला पाहिजे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांपाशी कूर्चेचा एक मऊ पट्टा असतो; हाड लांबीने वाढते ते तेथे. एकाच प्रकारचा ताण सतत पडला तर हा भाग दुखावतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हणूनच सल्ला दिला आहे, की मुलांनी आठवड्यातून निदान एक दिवस संघटित खेळापासून सुट्टी घ्यावी आणि वर्षातून दोन-तीन महिने आपल्या ठरलेल्या खेळापासून दूर राहावे. दूर राहावे याचा अर्थ अंथरुणावर लोळावे असा नाही. त्या दिवसांत पोहावे, लंगडी घालावी, आट्यापाट्या खेळाव्या. आट्यापाट्यांत जो हुलकावणी द्यायला शिकतो, त्याला हॉकीच्या मैदानावर ती नव्याने शिकावी लागत नाही. आणि काही दिवसांच्या विरहानंतर आपला खेळ पुन्हा हवाहवासा वाटू लागतो, हा लाभ तर सर्वांत मोठा. कोवळ्या वयात स्पर्धांनी थकून मैदान कायमचे सोडणारी मुले आपण पाहतोच.

स्पर्धा नकोत, असे मात्र कोणी समजू नये. हजारोंच्या गलक्यात मन शांत ठेवणे, पराभव हसतमुखाने पचवणे, स्वतःचा गोल होत असता चेंडू सोबत्याकडे देणे, या गोष्टी एकट्याच्या सरावाने येत नाहीत. त्यांसाठी सामनाच हवा. जाळे कितीही उत्तम सांधले, तरी अखेर ते दर्यात टाकावेच लागते. प्रश्न प्रमाणाचा आहे. वर्षातून मोजक्या स्पर्धा मनापासून खेळाव्या आणि उरलेला काळ त्यांच्या तयारीला द्यावा, हे प्रमाण मला योग्य वाटते.

तुमच्यापैकी कोणी हॉकी खेळत असेल, कोणी कबड्डी, कोणी क्रिकेट. येत्या सुट्टीत एक करून पाहा. आपल्या खेळातील जी गोष्ट तुम्ही सामन्यात हटकून टाळता, तिचे नाव एका कागदावर लिहा आणि रोज थोडा वेळ फक्त तिलाच द्या. त्याबद्दल कोणी टाळ्या वाजवणार नाही, वर्तमानपत्रात नाव येणार नाही. परंतु पुढच्या हंगामात चेंडू नेमका त्या बाजूला येईल, तेव्हा तुम्हाला पाय सरकवावा लागणार नाही.